फुगलेलं पोट

सुनेचं पोट महिन्याभरात नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं. "अंडाशयात गाठ आहे हो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," ती कळवळून म्हणाली. पण नवऱ्याने केस धरून तिला भिंतीवर आपटलं. "कुणाचं पाप आहे हे?" म्हणत त्याने लाथ उगारली.

इतकी वर्षं वांझ वांझ म्हणत तिला उठताबसता काठीने झोडपणारी सासू आज मात्र आडवी आली. "अरे मेल्या, पोटावर नको मारूस. माझा नातू आहे तिथे."

"कसला नातू? मला मूल होणार नाही, हे मला लग्नाआधीच डॉक्टरांनी सांगितलंय."

म्हातारीने काठी उचलली.


सुनेने सवयीने अंग चोरलं, पण किंकाळी नवऱ्याची आली.