अकराचा ताळा

४३२१ गुणिले २३४५. शिष्यवृत्ती ठरवणाऱ्या या तोंडी गुणाकाराची दोन उत्तरं फळ्यावर होती. संस्थाचालक दादासाहेबांच्या नातवाचं १,०१,३७,२४५ आणि तेजलचं १,०१,३२,७४५.

परीक्षक दळवीबाईंनी आधीच काढून ठेवलेलं उत्तर नातवाच्या उत्तराशी तंतोतंत जुळत होतं. अंकांच्या बेरजेवरून उत्तर पडताळणारा नऊचा ताळाही जमत होता.

“उरका की बाई,” दादासाहेब म्हणाले. “पोरीला भेळ द्या, घरी धाडा.”

तेजल जागची हलली नाही. “अंक उलटसुलट झाले तरी बेरीज तीच येते, बाई. नऊच्या ताळ्याला ते कळत नाही. तुम्हीच शिकवलंत. अकराचा घ्या.”

बाईंनी एकाआड एक अंक मिळवून वजाबाकी केली. तेजलचं उत्तर बसलं, नातवाचं फसलं. म्हणजे दोन आणि सात बाईंनीच उलटे उतरवले होते. गप्प बसल्या असत्या तर महिनाअखेर नोकरी कायम होणार होती. त्यांनी खडू खाली ठेवला.

“चूक माझी आहे, दादासाहेब. पण ती माझ्या कपाटात कुलपात होती. नेमकी तीच तुमच्या नातवाला कशी सापडली?”