कागदापुरतं

तो माणूस बूट न काढताच आत आला आणि थेट स्वयंपाकघराच्या खिडकीची टेपने मापं घेऊ लागला. बिटाच्या गार सुपात काकडी चिरून टाकणाऱ्या आल्दोनाचा हात थांबला.

"ओ भाऊ, पालिकेकडून आलात का? खिडक्या बदलताय?"

"पालिका कसली! घर घेतलंय मी हे," तो म्हणाला. "तुम्ही कामाला का, मावशी? मालक तर म्हणाले, एकटाच राहतो."

आल्दोनाला हसूच आलं. "एकटा? अहो, बायको आहे मी त्याची! तीस वर्षं त्याचे मोजे धुतेय."

त्याने खिशातून खरेदीखत काढलं. "हे बघा. झेनोनास, घटस्फोटित. या पत्त्यावर दुसऱ्या कुणाची नोंद नाही. दोनदा तपासून घेतलंय मी."

आल्दोनाने कागद ओढून घेऊन वाचला. घटस्फोट! तो तर घरासाठी घेतलेला. जुन्या राजवटीत एका कुटुंबाला सरकार एकच घर देई, म्हणून तेव्हा काउनास शहरातली कितीतरी जोडपी कागदापुरता काडीमोड घेऊन रांगेत उभी राहिली होती. आल्दोनाच्या नावाने मिळालेल्या घरात लेक-जावई गेले. तिची नोंदही तिकडेच गेली, ती मात्र इथेच राहिली. पुन्हा लग्न लावायचं आज-उद्या करत राहून गेलं. आता राजवट बदलली होती आणि सरकार तीच घरं लोकांच्या नावावर करून देत होतं. ज्याची नोंद, त्याचं घर. "कागदपत्रांचं मी बघतो," झेनोनास म्हणाला होता, आणि ही बया निर्धास्त झाली होती.

झेनोनास दारात येऊन उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"अरे, सांग ना याला!"

तो आपल्या सपातांकडे बघत राहिला. "मी बेकायदा काही केलं नाही, आल्दोना. तुझं आहे की घर, लेकीकडे."

त्याच्यामागे, बाहेरच्या दाराशी, त्याची एक बॅग भरून ठेवलेली होती. एकच.

आल्दोनाने ती बॅग पाहिली. सुरी अजून हातातच होती, तिचं तिला भान नव्हतं.

"न्यायाधीशाने तुला विचारलं होतं, समेट होईल का," ती हळूच म्हणाली. "तू म्हणालास, या बाईबरोबर आता एक दिवसही नको. आणि मी मेली तोंडात रुमाल कोंबून हसत होते रे."