कळ्या धरत नाहीत

“हे झाड तू घेऊन जा, आसावरी,” गुरुनाथने दारातच सांगून टाकलं. तिच्या पायातले बूटही अजून निघाले नव्हते. “माझ्या हातून मरणार ते. तुझ्याकडे जगेल तरी.”

आसावरी त्याच्या बायकोची, शुभाची मैत्रीण. अमेरिकेत, पार्सिपनीतच दोन रस्ते सोडून राहायची. आमटीचा डबा तिने किचनमध्ये ठेवला आणि हॉलमध्ये आली. कोपऱ्यातल्या टेबलावर शुभाचा फोटो होता. फोटोपुढे विजेचा छोटा दिवा, आणि दिव्याला खेटून तो ख्रिसमस कॅक्टस. त्याची चपटी, कातरलेल्या कडांची पानं कुंडीबाहेर लोंबत होती.

“हे मरतंय? चांगलं गुटगुटीत दिसतंय की.”

“कळी नाही एकसुद्धा. ऑक्टोबर अर्धा झाला. दर वर्षी एव्हाना भरलेलं असतं, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला फुलतं. हिमानी फोनवर रोज विचारते, बाबा, बड्स आले का? काय सांगू पोरीला? आई गेली, आता झाडही चाललं, असं?”

आसावरीने मातीत बोट खुपसून पाहिलं. एक पान दाबून पाहिलं. “तुळशीसारखं रोज आंघोळ झाली की पाणी नाही ना घालत?”

“आधी घालायचो. पानं मऊ पडली, मग यूट्यूबवर बघितलं. आता माती सुकली की मगच घालतो. खत दिलं. खिडकीत ठेवलं, परत इथे आणलं. सगळं करून झालं.”

“माझ्याकडच्याला तांदळाएवढ्या कळ्या आल्यात. तेही याच्याच पानापासून लावलेलं.” बोलता बोलता तिची नजर दिव्यावर गेली आणि ती थांबली.

“काय झालं?”

“भावजी, हा दिवा रात्रीही असतो?”

“असतो.”

मार्चपासून होता. माणूस गेल्यावर दिवा तेरा दिवस ठेवतात, हे गुरुनाथला ठाऊक होतं. चौदाव्या दिवशी त्याचा हात प्लगपर्यंत गेला आणि तसाच परत आला. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही.

“याला रात्र लागते हो,” आसावरी हळूच म्हणाली. “संध्याकाळ झाली की सकाळपर्यंत मिट्ट काळोख. तरच कळ्या धरतं. एवढासा उजेड दिसला तरी याला वाटतं, अजून दिवस मोठे आहेत, फुलायची घाई कशाला.”

“दिवा मी विझवणार नाही.”

“विझवा कुठे म्हणतेय मी? झाड हलवा.”

“तिचं आहे ते. तिच्याजवळच राहू दे.”

आसावरीला हसू फुटलं. “तिच्याजवळ? अहो, शुभा याला तिन्हीसांजेला उचलायची आणि तुमच्या त्या जिन्याखालच्या बाथरूममध्ये कोंडायची. थंडी सुरू झाली की रोज. सकाळी तुमच्या चहाच्या आधी बाहेर.”

गुरुनाथने वळून जिन्याकडे पाहिलं. जिन्याखालचं ते बिनखिडकीचं बाथरूम. बाहेरची झाडं लाल व्हायला लागली की दर वर्षी शुभाचा ओरडा सुरू व्हायचा: अहो, तिथे जाऊ नका, लाइट लावू नका, वर जा! गुडघे दुखत असले तरी तो मुकाट जिना चढायचा. पाहुण्यांसाठी बाथरूम लखलखीत राहावं म्हणून बाईचं हे चाललंय, अशी त्याची समजूत. एकदा चिडून म्हणालाही होता, कर्ज मी फेडायचं आणि बाथरूम पाहुण्यांनी वापरायचं.

“मला कधी बोलली नाही.”

“बोलली होती. तुम्ही क्रिकेट बघत होतात म्हणे. मग फुलं आली की तुम्ही म्हणायचात, अरे वा, आली की आपोआप! आम्हाला हे सांगताना तिला हसू आवरायचं नाही.”

“आपोआप,” गुरुनाथ म्हणाला आणि त्यालाही हसू आलं. ते जरा जास्तच वेळ टिकलं. आसावरी उगाचच कुंडीतला काडीकचरा वेचत राहिली.

“आता उशीर झाला का गं?” त्याने डोळे पुसून विचारलं.

“थँक्सगिव्हिंगला फुलं नाही यायची. ख्रिसमसला येतील. यंदा नावाला जागेल बिचारं. फक्त एकदा कळ्या दिसल्या की त्याला इकडून तिकडे नाचवू नका, गळतात.” तिने कुंडीला हात लावला. “मग? नेऊ का मी?”

“राहू दे,” तो म्हणाला. “मागच्या वेळचे तुझे डबे पडलेत, ते ने.”

ती गेली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. गुरुनाथने कुंडी दोन्ही हातांनी उचलली, जिन्याखाली नेली आणि बेसिनच्या कडेला ठेवली. लाइट बंद केला. आता बाहेर येऊन दार लावायचं, एवढंच काम उरलं होतं. त्याने आत राहूनच दार लावलं.

कमोडच्या झाकणावर तो बसला. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नव्हता. मार्चपासून इतक्या अंधारात तो बसला नव्हता. थोड्या वेळाने त्याने हात पुढे करून चाचपलं. पानं गार होती. त्याने हात तिथेच राहू दिला.