कोपऱ्यातला राक्षस
गॅलरीच्या मॅडम चित्र निवडायला वाशीच्या घरी आता कधीही पोचणार होत्या, आणि जाईला आपल्या सर्वांत मोठ्या कॅनव्हासच्या कोपऱ्यात बोटभर राक्षस दिसला, लाल जीभ बाहेर काढलेला. “बाबा, हे काय केलंत?” तुर्भ्याला ट्रक रंगवणाऱ्या बाबांना तिचा राग कळेना. “अगं, राक्षस काढल्याशिवाय मी कुठली गाडी बाहेर सोडलीय? दृष्ट लागते.” “ही काय गाडी आहे?” “मग पुसतो.” पण खालचा तिचा रंगही ओलाच होता, राक्षसाबरोबर चित्रातली निळी खाडीही निघून आली असती. तेवढ्यात खाली मॅडमची मारुती थांबली. वर आल्यावर त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “हा भडक पिवळा, हे वेलबुट्टीचे काठ... इन्फ्लुएन्स कोणाचा?” असेच काठ ट्रकवर काढणारे बाबा पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच होते. हे जाईचं पहिलंच प्रदर्शन ठरणार होतं. तिने एका परदेशी चित्रकाराचं नाव घेतलं आणि बाबांनी त्याला ओळखत असल्यासारखी मान डोलावली. मग मॅडमनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “चित्र घेते. पण एवढी पट्टी कापावी लागेल. लोक हसतील.” “कापायची नाही,” जाई म्हणाली आणि स्वतःच घाबरली. मॅडमनी पर्स उचलली. “थांबा मॅडम,” बाबा घाईने पुढे झाले. “कापू नका, रुंद फ्रेम लावा. तो झाकून जाईल.” मॅडमनी कोपरा पुन्हा निरखला आणि पर्स खाली ठेवली. जाई बाबांकडे बघत राहिली. “अगं, चालतंय,” ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले, “आत बसूनसुद्धा तो काम करतो.”