'घे' म्हटल्याशिवाय

मध्य प्रदेशातल्या धारजवळच्या जंगलातून चालत माझा कुत्रा भुऱ्या आणि मी तळ्याकाठी पोहोचलो. कुत्र्याला मोकळं सोडू नका, अशी पाटी असूनही मी त्याचा पट्टा काढून खिशात टाकला. काठावर एक कुटुंब गोवऱ्यांवर कणकेचे गोळे, बाफले, भाजत होतं. पहिला बाफला त्यांच्यातल्या आजींनी देवासाठी पानावर काढून ठेवला. भुऱ्यानं नेमका तोच पळवला. त्यांच्या मुलानं काठी उचलली. "किसका कुत्ता है, भिया?" मी खिशातला पट्टा मुठीत आवळला. "पता नहीं. गाँव का होगा." तेवढ्यात भुऱ्या धावत आला, बाफला माझ्या पायांशी ठेवून बसला. मी 'घे' म्हटल्याशिवाय खायचं नाही, हे मीच शिकवलेलं. आजींनी मुलाला अडवलं. "रहने दे, भूखा है. खा ले, बेटा." भुऱ्या खाईना. लाळ गाळत माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग सगळेच माझ्याकडे बघू लागले. माझ्यानं 'घे' म्हणवेना.