माणशी पाव किलो

"पंधरा किलो? रोज वीस लागतं," ती म्हणाली.

कारकून दारातच थांबला होता. तिच्याकडे न बघता बोलला, "वरून आकडा आलाय. आज साठ माणसांचं मटण. वीस वजा."

एवढं बोलून तो गेलासुद्धा.

खाणीच्या खानावळीत हिशेब सरळ होता. हाडासकट माणशी पाव किलो. ऐंशी माणसं, वीस किलो. दरड कोसळून वीस जण खाली अडकले, तरी आचारीण मावशींनी पातेलं लहान होऊ दिलं नव्हतं. "वर आला नाही म्हणून कुणाचं ताट उचलायचं नसतं," असं त्यांनी साहेबांना तोंडावर सुनावलं होतं. तेव्हापासून ऑफिसातूनही रोज ऐंशीचाच आकडा यायचा.

त्या वीस जणांत तिचा नवरा होता.

पिठाच्या पोत्यांआड बाळ झोपलं होतं. तिने मटण वजनकाट्यावर टाकलं. काटा पंधरावर थांबला आणि तिचा हातही.

"मावशी, वजा म्हणाला तो."

"ऐकलं. मीठ मी घालते आज. तुझा हात बघ, समुद्र करून ठेवशील."

"मी विचारून येते."

मावशींनी तिचं मनगट धरलं. "नको गं पोरी. विचारलं की उत्तर मिळतं."

बाहेर पांढऱ्या गाड्या आल्या. एकीचाही भोंगा वाजत नव्हता. तिने खिडकी लावून घेतली. जोवर कुणी सांगत नाही तोवर तो आहे, असं मनाशी घोकत ती मसाला परतत राहिली. मग मावशींची पाठ वळली तशी तिने टोपलीतून आणखी चार तुकडे उचलले आणि पातेल्यात सोडले. पाव किलो. अंदाज चुकायचा नाही तिचा.

"ते कुणाचं?" कारकून परत दारात उभा होता, धापा टाकत.

"एकाचंच आहे," ती म्हणाली. "राहू द्या."

"काढ, काढ ते. मला तरी कुठे माहीत होतं, नुसता आकडा हातात दिला होता. इतक्या दिवसांची रिकामी पोटं, डॉक्टरांनी वीसही जणांना फक्त पातळ पेज सांगितलीय, आणि तुझा नवरा मटणाचा वास आल्यापासून माझ्याशी भांडतोय."