पॅकिंगचा ठिपका

"माझा नवरा खाली तळघरात आहे आणि तुम्ही मला जिना दाखवताय?"

"वहिनी, तो माझाही भाऊच आहे! पण धूर वाढतोय. उठा म्हणतो ना!"

"भावजी, खुर्चीला हात लावलात तर याद राखा."

दिराने हात मागे घेतला. कारखान्यात तो वायरमन, ती कंट्रोल रूममध्ये. तिच्यासमोरच्या कॉम्प्युटरवर अख्खा कारखाना ठिपक्यांत मांडलेला. एक स्पीकर, एक ठिपका. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे गेला. ती माइकचं बटण दाबून बोलली की कारखानाभर ऐकू जायचं.

आगीची घंटा वाजल्याबरोबर तिने ओरडून सांगितलं होतं, "सगळे मागच्या दाराने मैदानात जा!" वाक्य संपलं, आणि पॅकिंगचा ठिपका लाल झाला. पॅकिंग तळघरात. नवरा तिथेच मशीनवर.

"दादाने ऐकलं असेल," दीर म्हणाला.

"तुमच्या दादाने? चहा घ्या म्हणून घरी तीनदा बोंबलते मी. मशीनपाशी उभं राहून कान गेलेत त्यांचे. लग्नापासून माझं एक ऐकलं नाही, ते आज एका हाकेत ऐकतील?"

तिने पॅकिंगचा स्पीकर रीस्टार्टला टाकला. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि परत लाल.

मोबाईल गेटवर जमा. खोलीला एकच खिडकी, ती रस्त्याच्या बाजूला. मैदानात कोण आलं, कोण नाही, कळायला मार्ग नाही.

"लोडिंग पण गेलं," ती म्हणाली. लोडिंग तळमजल्यावर. "आग वर चढतेय, भावजी."

"म्हणून तर सांगतोय, चला. दादा बाहेर उभा असेल, आपल्याच नावाने शिव्या घालत."

"असेल! या 'असेल'वर मी नवरा सोडून पळू?"

दीर मागच्या भिंतीला टेकला, लगेच बाजूला झाला. शर्ट पाठीला चिकटला होता. "एसी बंद केलात का?"

"चालूच आहे की. तुम्ही ती वायर बघा, बडबड नंतर."

त्याने कॉम्प्युटरची वायर काढून परत घातली. काही फरक नाही. कॅन्टीनचा ठिपका गेला. स्टोअरचा गेला. तिने प्रत्येकाला रीस्टार्ट दिलं. घाईत भलतीकडेच क्लिक होत होतं. दारातून धूर आत आला. दीर खोकायला लागला.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"आणि दादाला काय तोंड दाखवू?"

आता एकच हिरवा उरला होता, मैदानातल्या भोंग्याचा. तिने बटण दाबलं.

"अहो, ऐकताय का? बाहेर आला असाल तर कुणाकडून तरी वर निरोप पाठवा. तुम्ही सुटलात हे कळल्याशिवाय मी इथून उठणार नाही. ऐकताय का? अहो..."

तो ठिपकाही लाल झाला.

ती कपाळावर हात मारून रडायला लागली. दीर मात्र पडद्याकडे बघतच राहिला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "उघड्या मैदानात काय जळणार?"

मैदानात सगळे उभे होते. पॅकिंगवाले, लोडिंगवाले, कॅन्टीनवाले. पहिल्याच हाकेला बाहेर आलेले. तळघरात धुराचा पत्ता नव्हता. जळत होती फक्त दुसऱ्या मजल्यावरची एक भिंत, कंट्रोल रूमच्या पाठची, जिच्यातून सगळ्या स्पीकरच्या वायरी खाली उतरतात. वॉचमनने एका माणसाचा दंड घट्ट धरला होता. "वेडा आहेस का? बंब येतोय, थांब." माणूस बंद पडलेल्या भोंग्याकडे बघत होता. "ऐकलंस ना, ती उठणार नाही म्हणाली," त्याने दंड हिसकावून घेतला. "सोड. मला आता निघायला हवं."